पाण्याचा ताण आणि साबणाचे भाऊबंद

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, लाखांदूर तालुक्यांत, दिघोरी नांवाचें गांव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. पावसाळा उतरणीला लागून धान गर्भावर आलें म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत तुडतुड्यांची धास्ती उभी राहते. मग पाठीवर पंप बांधून तो बांधींत उतरतो आणि औषध फवारूं लागतो. त्या वेळीं कोणी जवळ जाऊन पाहिलें, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस पडते. नुसत्या पाण्याचे तुषार धानाच्या पात्यावर टिकत नाहींत. त्यांचे वाटोळे, मोत्यांसारखे थेंब बनतात, पातें किंचित् हाललें कीं ते घरंगळतात आणि खालच्या चिखलांत जाऊन पडतात. अळूच्या पानावर किंवा कमळाच्या पानावर पाण्याचा खेळ पाहण्यास मोठी मौज वाटते. परंतु ज्याचें पीक धोक्यांत आहे त्याला त्या मौजेचें काय होय! दाम मोजून आणलेलें औषध पिकावर न राहतां मातींत जातें.

यावर शेतकऱ्याचा उपाय ठरलेला आहे. दुकानांतून आणलेल्या एका लहानशा बाटलींतील तेलकट द्रव तो पंपाच्या पाण्यांत थोडासा टाकतो. बाजारांत या द्रवाला ‘स्टिकर’ म्हणतात. औषध तेंच, पाणी तेंच, पंपहि तोच. परंतु आतां थेंब गोळा होऊन बसत नाहीं. तो पात्यावर पसरतो, पातें ओलें होतें आणि औषध जेथें पाहिजे तेथें राहतें. त्या चमचाभर द्रवानें असें केलें तरी काय? विशेष म्हणजे जें कार्य तो धानाच्या पात्यावर करतो, तेंच कार्य साबण कपड्यावर करतो, रिठा रेशमावर करतो, पित्त आपल्या आंतड्यांत करतें, आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या छातींत एक असाच पदार्थ त्याच्या पहिल्या श्वासाची सोय करून ठेवीत असतो. या सर्व पदार्थांचें एक मोठें कुटुंब आहे. शास्त्रज्ञ त्यांना पृष्ठसक्रिय द्रव्यें म्हणतात. नांव बोजड खरें. पण त्याचा अर्थ सरळ आहे. पृष्ठभागावर जाऊन बसणें आणि तेथील परिस्थिति पालटून टाकणें हाच ज्यांचा स्वभाव, तीं पृष्ठसक्रिय द्रव्यें.

प्रथम पाण्याचाच स्वभाव पाहिला पाहिजे. पाण्याचे रेणु एकमेकांना मोठ्या हौसेनें ओढून धरतात. भांड्याच्या मध्यभागीं असलेल्या रेणूला चोहों बाजूंनीं सारखीच ओढ असते, म्हणून ती परस्पर फिटते. परंतु अगदीं वरच्या थरांतील रेणूला वर सोबती नसतो. त्याची ओढ खालीं आणि बाजूला एवढीच. परिणाम असा होतो कीं पाण्याचा पृष्ठभाग ताणून बसविलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो आणि शक्य तितका आंखडूं पाहतो. यालाच पृष्ठताण असें म्हणतात. थेंब वाटोळा कां होतो, याचें उत्तर याच आंखडण्यांत आहे. कारण तेवढ्याच पाण्याला सर्वांत लहान पृष्ठभाग गोलाकृतींतच मिळतो.

श्रोत्यांनीं घरीं करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. वाटींत स्वच्छ पाणी घ्यावें, टीपकागदाच्या लहानशा तुकड्यावर कोरडी शिवणाची सुई ठेवून तो कागद पाण्यावर हलकेच सोडावा. कागद भिजून बुडतो. सुई मात्र पाण्यावर तरंगत राहते. पोलाद पाण्याहून सुमारें आठपट जड असूनहि ती बुडत नाहीं, आणि नीट पाहिल्यास तिच्याखालीं पाण्याचा पृष्ठभाग वाकलेला दिसतो. आतां वाटीच्या कडेला साबणाच्या पाण्याचा एकच थेंब सोडावा. सुई तत्काळ तळाला जाते. तिला आधार देणारा ताण अर्ध्याहूनहि कमी झाला. मोजून पाहिलें तर स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण नेहमींच्या उष्णमानांत सेंटिमीटरमागें सुमारें ७२ डाइन भरतो. साबणाच्या पाण्याचा २५ ते ३० च्या आंत-बाहेर.

हा ताण कमी करणाऱ्या रेणूची घडण मोठी नामी आहे. त्याला एक डोकें असतें आणि एक लांब शेंपूट असतें. डोक्याला पाण्याची आवड, शेंपटाला पाण्याचा तिटकारा. शेंपूट कर्ब व उज्ज या मूलद्रव्यांच्या सांखळीचें, म्हणजे तेलाच्याच जातीचें. त्याला तेल, मेण, तूप यांची संगत रुचते. असा दोन स्वभावांचा रेणु पाण्यांत सांपडला म्हणजे त्याची पंचाईत होते. डोक्याला पाणी सोडवत नाहीं आणि शेंपटाला तें सोसवत नाहीं. मग तो पृष्ठभागाकडे धांव घेतो, डोकें पाण्यांत बुडवितो आणि शेंपूट बाहेर हवेंत काढून उभा राहतो. असे अनेक रेणु पृष्ठभागावर दाटीवाटीनें उभे राहिले म्हणजे पाण्याच्या रेणूंची आपसांतील ओढ तेथें सैल पडते. धानाच्या पात्यावर मेणासारख्या पदार्थाचें अतिशय सूक्ष्म लेपन असतें. शेंपूट त्या मेणाला धरतें, डोकें पाण्याला धरतें, आणि ज्या दोघांचें मुळींच जमत नव्हतें त्यांचें जमून जातें.

हे रेणु पृष्ठभागावर एकेकट्याच्या थरानें उभे असतात, हें ज्ञान प्रयोगशाळेंत नव्हे, तर तळ्याकाठीं आणि स्वयंपाकघरांत सुरू झालें. बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकन मुत्सद्दी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर गेला असतां त्यानें एका वाऱ्याच्या दिवशीं चहाच्या चमच्याएवढें तेल पाण्यावर ओतलें. तें पसरत पसरत अर्धा एकर पाण्यावर गेलें आणि तेवढ्या भागांतील लाटा आरशासारख्या निवाल्या. ही हकीकत त्यानें १७७४ सालीं प्रसिद्ध केली. फ्रँकलिननें न केलेला एक हिशेब आज शाळेंतला मुलगाहि करूं शकेल. चमच्यांत पांच घन सेंटिमीटर तेल मावतें असें धरलें आणि तें अर्ध्या एकरावर, म्हणजे सुमारें दोन हजार चौरस मीटरांवर पसरलें, तर थराची जाडी मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाएवढी निघते. तेलाच्या एका रेणूची लांबी जवळजवळ तेवढीच! वीस गुंठे पाण्यावर एका रेणूची चादर अंथरली गेली होती, आणि त्या गृहस्थाला त्याची कल्पनाहि नव्हती.

दुसरी कथा याहून हृद्य आहे. जर्मनींतील ब्राउनश्वाइग शहरीं आग्नेस पॉकेल्स नांवाची एक तरुणी राहत असे. तिचा जन्म १८६२ चा. त्या काळीं तेथील विद्यापीठांची दारें स्त्रियांना बंद होतीं, आणि घरीं आजारी आईबापांची शुश्रूषा व स्वयंपाक हेंच तिचें काम. भांडीं घासतां घासतां तेलकट पाण्याच्या वागणुकीकडे तिचें लक्ष गेलें. अठरा-वीस वर्षांच्या वयांत तिनें एक पसरट पन्हळ तयार केली. तिच्यांतील पाण्याचा पृष्ठभाग एका पट्टीनें कमीजास्त करतां येई आणि त्यावरील थराचा ताण तराजूनें मोजतां येई. दहा वर्षें तिनें हें काम एकटीनें केलें. १८९१ च्या जानेवारींत तिनें इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलें. रॅले हे त्या विषयांतले अग्रणी. परंतु त्यांनीं त्या अनोळखी बाईचें पत्र बाजूला टाकलें नाहीं. शिफारस जोडून तें त्यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडलें आणि तें त्याच वर्षीं मार्चमध्यें छापून आलें. पुढें अमेरिकेंतील अर्विंग लँगम्यूर यांनीं तीच पन्हळ सुधारून वापरली आणि १९३२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविलें. त्याच सालीं ब्राउनश्वाइगच्या विद्यालयानें आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टर केलें. त्या वेळीं त्या सत्तरीला आल्या होत्या! मोरीवरचें हें संशोधन शास्त्राच्या पाठ्यग्रंथांत शिरण्यास इतका अवधि लागला.

तिसरी हकीकत तर थेट पुण्यापर्यंत येऊन पोंचते. पृष्ठभागावर जागा उरली नाहीं म्हणजे पाण्यांतील बाकीचे साबणाचे रेणु काय करतात, हा प्रश्न होता. जेम्स विल्यम मॅकबेन या मूळच्या कॅनडियन रसायनज्ञानें इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें साबणाच्या द्रावणांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. १९१३ च्या सुमारास त्यानें असें सुचविलें कीं हे रेणु आपसांत टोळी करून राहतात. शेंपटें आंत, एकमेकांच्या आश्रयाला, आणि डोकीं बाहेर, पाण्याकडे. या टोळीला मायसेल असें नांव आहे. एका टोळींत साधारणपणें पन्नास ते शंभर रेणु असतात. लंडनच्या एका विद्वत्सभेंत ही कल्पना मांडली तेव्हां अध्यक्षांनीं ती निव्वळ मूर्खपणाची म्हणून झिडकारली, अशी आख्यायिका सांगतात. परंतु मॅकबेनचें म्हणणेंच खरें ठरलें. आपल्या देशांत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यास पाषाण मार्गावर उभारली गेली आणि ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें, तेव्हां तिचे पहिले संचालक म्हणून लाभले ते हेच मॅकबेन. १९५२ पर्यंत त्यांनीं तें काम पाहिलें व पुढील वर्षीं ते निवर्तले. साबणाच्या फेसांतील रहस्य उलगडणारा हा पुरुष आयुष्याच्या अखेरीस पुण्याच्या माळावर नवी संस्था उभी करीत होता, हें पुणेकरांनाहि फारसें ठाऊक नसेल.

मायसेल समजलें म्हणजे कपडे धुण्याची क्रिया समजते. कपड्यावरील मळ हा नुसत्या धुळीचा नसतो. घामांतील व अंगावरील तेलकटपणा धुळीला कपड्याशीं चिकटवून ठेवतो. पाण्याला तेल चालत नाहीं म्हणून नुसत्या पाण्यानें तो सुटत नाहीं. साबणाचे रेणु प्रथम कपड्याच्या धाग्याधाग्यांत पाणी शिरवितात. मग त्यांचीं शेंपटें तेलकट डागांत रुततात. दगडावरची आपट किंवा हाताची चोळ या कामीं साह्य करते. तेलाचा पातळ थर आंखडत आंखडत त्याचा गोळा होतो आणि कपड्यावरून सुटतो. त्या कणाभोंवतीं साबणाच्या डोक्यांचें कुंपण असतें. सर्व डोक्यांवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यानें असे दोन कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते पुन्हां एकत्र येत नाहींत व कपड्यावरहि बसत नाहींत. खंगाळलें कीं पाण्याबरोबर निघून जातात.

येथें गृहिणींच्या एका समजुतीविषयीं सांगितलें पाहिजे. जितका फेस अधिक तितकें धुणें स्वच्छ, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं गोळा झालेले तेच रेणु. मळ काढण्याचें काम मुख्यतः ते करीत नाहींत. शिवाय प्रत्येक द्रव्याची एक मर्यादा असते, तिच्यापुढें पृष्ठताण आणखी उतरत नाहीं. डिटर्जंटांत व दांतांच्या लुकणांत पुष्कळदां येणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटाची ही मर्यादा लिटरभर शुद्ध पाण्याला सुमारें अडीच ग्रॅम आहे. त्यावर घातलेल्या भुकटीच्या नुसत्या टोळ्या वाढतात. मळ फार असेल तर त्या टोळ्यांचा उपयोग होतो. एरवीं ती मूठभर जास्तीची भुकटी खंगाळण्याचें पाणी मात्र वाढविते.

आपल्याकडे हें सारें शास्त्र नांव न घेतां चाललेलें होतें. रिठा, शिकेकाई आणि विदर्भाच्या माळावरचें हिंगणबेट यांच्या फळांत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचें डोकें शर्करेचें व अंग तेलाला धार्जिणें. सोनार दागिने उजळण्यास रिठ्याचें पाणी घेतो आणि रेशमी लुगडें रिठ्यांतच धुवावें असा घरोघर दंडक असे. तो निराधार नव्हता. साबणाचें पाणी अल्कधर्मी असतें आणि रेशीम हें प्राणिज तंतूंचें बनलेलें असल्यानें अल्काला नाजूक. रिठा त्याला दुखवीत नाहीं. भंडारा जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे पाळण्याचा व्यवसाय ढिवर लोक करीत आले आहेत आणि मोहाडी-आंधळगांव या बाजूस कोशाचें कापड विणलें जातें. कोसा मोठा टणक असतो. त्यांतील धागा एका नैसर्गिक डिंकानें चिकटलेला असतो. सोड्याच्या पाण्यांत तो उकळावा तेव्हां डिंक सैल होऊन धागा निघूं लागतो. या कामीं अल्क लागतोच; पण विणून झालेल्या वस्त्राला पुन्हां अल्क दाखविणें बरें नव्हे, तेथें रिठ्याची पाळी येते. याच सॅपोनिनाची दुसरी बाजूहि जुन्या लोकांना माहीत होती. अशीं फळें कुटून डोहांत टाकलीं कीं मासे गुंगून वर येतात. कारण तें द्रव्य माशांच्या कल्ल्यांना बाधतें. ही गोष्ट पुढें तलावांच्या प्रकरणांत ध्यानांत ठेवावी लागेल.

साबण स्वतः अगदीं साध्या विधीनें होतो. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजविली कीं तिचे दोन भाग होतात: मेदाम्लाचा क्षार, म्हणजे साबण, आणि ग्लिसरीन. ही फोड फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविली. विलायती साबणाच्या पेट्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या बंदरांत उतरूं लागल्या, तेव्हां त्यांत जनावरांची चरबी आहे या शंकेनें अनेक घरांत तो शिवला जात नसे. मुंबईंत आर्देशीर गोदरेज यांनीं १९२० च्या सुमारास केवळ वनस्पतिजन्य तेलाचा साबण बाजारांत आणला आणि ती अडचण दूर केली. धानाच्या मुलखाचाहि या धंद्याशीं संबंध आहे. तांदूळ सडतांना निघणाऱ्या कोंड्यांत शेंकडा पंधरा ते वीस इतकें तेल असतें. परंतु गिरणींतून बाहेर पडतांच कोंड्यांतील एक किण्वद्रव्य तें तेल फोडूं लागतें आणि वेळेवर काढलें नाहीं तर तें खाण्यालायक राहत नाहीं. असें फुटलेलें तेल साबणाच्या कढईला मात्र चालतें. मोहाच्या बियांच्या तेलाचेंहि तसेंच.

साबणाचें एक वैगुण्य आहे. ज्या विहिरींच्या पाण्यांत चुन्याचे किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात, अशा जड पाण्यांत तो फेस न देतां फुटतो आणि त्याची पांढुरकी साय कपड्यावर बसते. पहिल्या महायुद्धांत जर्मनीला चरबीचा तुटवडा पडला, आणि चरबीवांचून साबणासारखें कांहीं करतां येईल काय या गरजेंतून कृत्रिम द्रव्यांचा शोध सुरू झाला. जड पाण्यालाहि न डगमगणारीं अशीं द्रव्यें १९३० नंतर बाजारांत आलीं. आपल्याकडे ‘सर्फ’ ही भुकटी १९५९ सालीं विकावयास आली. अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनीं १९६९ सालीं घरच्या अंगणांत ‘निरमा’ करण्यास आरंभ केला, आणि जी वस्तु मोजक्या घरांत होती ती खेड्यांच्या धुण्याच्या दगडापर्यंत पोंचली.

या भाऊबंदांची सगळी वंशावळ सांगावयाची म्हटली तर वेळ पुरणार नाहीं. कांहींच्या डोक्यावर ऋण विद्युत् असते, कांहींच्या धन. दुसऱ्या प्रकारचीं जंतुनाशकांत व केसांना मऊपणा आणणाऱ्या द्रव्यांत येतात. अंड्याच्या पिवळ्या बलकांतील लेसिथिन तेल व पाणी यांचें पायस टिकवून धरतें. रस्त्यावर ओतावयाचें डांबर पाण्यांत कालवून थंडच पसरतां येतें तें याच युक्तीनें. भंडाऱ्याच्या शेजारीं बालाघाट जिल्ह्यांत मलांजखंड येथें तांब्याची मोठी खाण आहे. तेथें दळलेल्या खनिजाच्या चिखलांत हवा फुंकतात. योजलेलीं द्रव्यें तांब्याच्या कणांनाच निवडून धरतात, त्यांना बुडबुड्यांवर बसवितात आणि ते फेसाबरोबर वर येतात. दगडाची पूड खालीं राहते. जड धातु फेसावर तरंगवावी आणि हलकी माती बुडवावी, हा व्यवहार पाहिल्यावर पाण्यावरच्या सुईचें आश्चर्य उरत नाहीं. २०२० सालच्या साथींत साबणानें हात धुण्याचा जो घोष चालला होता, त्यालाहि हेंच कारण. त्या विषाणूला मेदाचें एक वेष्टन असतें. साबणाचीं शेंपटें त्यांत घुसून तें फाडतात आणि विषाणु निकामी होतो. त्यास कांहीं क्षण लागतात, म्हणून वीस सेकंदांचा आग्रह.

परंतु या सर्वांहून जवळचें आणि अधिक मोलाचें कार्य आपल्या छातींत चालतें. फुप्फुसांत सुमारें तीस कोटी सूक्ष्म कोश असतात आणि प्रत्येकाच्या आंतून ओलाव्याचा पातळ पापुद्रा असतो. ओलावा आला तेथें पृष्ठताण आलाच. बुडबुडा जितका लहान तितका त्याचा आंखडण्याचा जोर अधिक, असा निसर्गनियम आहे. त्याप्रमाणें प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हे कोश मिटून जावयास पाहिजेत आणि पुढच्या श्वासाला ते उघडण्यास राक्षसी बळ लागलें पाहिजे. तसें होत नाहीं. कोशांच्या भिंतींतील कांहीं पेशी लेसिथिनच्या जातीचें एक द्रव्य स्रवतात, तें त्या पापुद्र्यावर पसरतें आणि कोश जों जों लहान होतो तों तों त्याचे रेणु दाटून ताण अधिकाधिक उतरवितात. ही गोष्ट इंग्लंडमध्यें पॅटल यांनीं १९५५ सालीं आणि अमेरिकेंत क्लेमंट्स यांनीं १९५७ सालीं दाखवून दिली.

गर्भाच्या फुप्फुसांत हें द्रव्य पुरेसें जमावयास साधारण पस्तीस आठवडे लागतात. त्याआधीं जन्मलेलें मूल पहिला श्वास घेतें, आणि कोश पुन्हां मिटतात, दुसराहि श्वास पहिल्याइतकाच कष्टाचा, तिसराहि. कांहीं तासांत तें जीव थकून जातें. पूर्वीं डॉक्टर हें पाहत आणि हतबल होत. दोष फुप्फुसाच्या पापुद्र्याचा मानीत. मेरी एलन एव्हरी या बाईंनीं १९५९ सालीं आपले सहकारी मीड यांच्यासह सिद्ध केलें कीं उणीव आहे ती पृष्ठताण उतरविणाऱ्या द्रव्याची. परंतु निदान झालें तरी औषध नव्हतें. १९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपांच आठवडे आधीं जन्मला आणि एकोणचाळीस तासांनीं गेला. जगांतील सर्वांत सत्ताधीश पित्याजवळ त्या चिमुकल्या छातींत घालण्यास चिमूटभर द्रव्य नव्हतें. जपानमधील फुजिवारा यांनीं गाईच्या फुप्फुसांतून काढलेलें द्रव्य दहा अर्भकांच्या श्वासनलिकेंत सोडून १९८० सालीं तीं सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. आतां तें औषध आपल्याहि मोठ्या रुग्णालयांत मिळतें. स्वस्त मात्र नाहीं. म्हणून त्याहून साधा उपाय फार मोलाचा आहे: अकालीं प्रसूतीचीं चिन्हें दिसतांच आईला एका संप्रेरकाचें इंजेक्शन देतात, त्यानें गर्भाचीं फुप्फुसें तें द्रव्य लौकर तयार करूं लागतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनीं ही रीत १९७२ सालीं दाखविली. ती साधण्यासाठीं मात्र बाई वेळेवर रुग्णालयांत पोंचली पाहिजे. कळा सुरू झाल्यावर गाडी शोधीत बसण्यास जो एक तास जातो, तोच येथें नडतो.

आतां तलावांकडे वळूं. भंडारा जिल्ह्यांतील जुने तलाव कोहळी लोकांनीं बांधले. त्यांच्यावर धान पिकतें, ढिवरांची मासेमारी चालते आणि गांवचें धुणेंहि होतें. साबण पाण्यांत गेला तर जिवाणु त्याला सहज खाऊन टाकतात. कृत्रिम डिटर्जंटांच्या पहिल्या पिढीचें तसें नव्हतें. त्यांच्या शेंपटांना फांद्या होत्या आणि फांद्या असलेलें शेंपूट जिवाणूंना पचत नसे. १९५० नंतर युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. मग जर्मनीनें कायदा केला, अमेरिकेंत १९६५ पर्यंत कारखानदारांनीं शेंपटें सरळ केलीं आणि फेस ओसरला. इतकी लहान दुरुस्ति, पण ती कारखान्याच्या आंतच होऊं शकत होती. नदीकाठीं बसून ती कोणाला करतां आली नसती. सरळ शेंपटाचीं द्रव्यें सुद्धां तीं पुरतीं फुटेपर्यंत माशांच्या कल्ल्यांना बाधतात, आणि उथळ तलावांत उन्हाळ्यांत पाणी थोडें असतां त्यांचें प्रमाण चढतें. शिवाय पाणी मऊ करण्यासाठीं पुष्कळ भुकट्यांत फॉस्फेट घालीत आले. तें शेवाळाला खताप्रमाणें लागू पडतें. शेवाळ माजतें, मरतें, कुजतांना पाण्यांतला प्राणवायु संपवितें, आणि सकाळीं मासे पोट वर करून तरंगतात.

फवारणीच्या पंपांतल्या त्या चमचाभर द्रवाचीहि अशीच दुसरी बाजू आहे. जें द्रव्य औषधाला पात्याच्या मेणांतून आंत जाऊं देतें, तें माणसाच्या कातडींतूनहि त्याची वाट सुकर करतें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेचीं कारणें अनेक होतीं आणि मुख्य दोष विषांचा; तथापि भिजलेल्या अंगरख्याखालीं तें विष कातडीवर कसें बसून राहतें, याचा विचार करतांना या साह्यकर्त्याला विसरतां येत नाहीं. स्टिकरांत वापरण्याच्या नॉनिलफिनॉल वर्गांतील द्रव्यांचे अवशेष जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात असें आढळल्यानें युरोपीय संघानें २००३ सालीं त्यांवर निर्बंध घातले.

दिघोरीच्या बांधींतील तुडतुडा धानाच्या बुंध्याशीं, पाण्याच्या लगत बसलेला असतो. वरच्या पात्यांवर कितीहि स्टिकर पसरला तरी त्याला तो बाधत नाहीं. फवाऱ्याचें तोंड धानाचे तास बाजूला सारून खालीं वळवावें लागतें, आणि मात्रा बाटलीवर छापली आहे तेवढीच पुरते, कारण पातें एकदां ओलें झालें कीं जास्तीचा द्रव औषधाला पात्यावरून ओघळूनच नेतो. तोंडाला फडकें, अंगांत पुऱ्या बाह्यांचा सदरा, वाऱ्याची पाठ. काम आटोपल्यावर पंप बोडीच्या कांठीं नेऊन बुचकळण्याची संवय जुनी आहे. त्याऐवजीं दोन घागरी पाणी बांधावर आणून तेथेंच तो खंगाळला, तर फेस मातींत जिरतो. स्टिकराचीं शेंपटें मातींतील जिवाणु हळूहळू फोडीत बसतात, आणि पलीकडे बोडींतील माशांपर्यंत त्यांतलें फारच थोडें पोंचतें.